मिठाच्या वरचे, मिठाच्या खालचे : इंग्रजी वाक्प्रचारांमागची पंगत



पोस्ट लांब आहे. पोरं झोपली की चहाचा कप घेऊन निवांत वाचा.

आपली मुलं शाळेतून रोज काही ना काही घेऊन येतात. गणिताचा पेपर म्हणे 'पीस ऑफ केक' होता. कुठल्याशा मैत्रिणीने 'बीन्स स्पिल' केल्या. पोहणं हा चिरंजिवांचा 'कप ऑफ टी' नाही. अर्थ आपल्यालाही कळतो, ऑफिसात आपणही तेच बोलतो. पंचाईत होते ती पुढच्या प्रश्नाने. "बाबा, पण असं का म्हणतात?" मग आपण कुठलातरी फॉरवर्ड आठवतो आणि देतो ठोकून.

हे फॉरवर्ड व्हॉट्सॲपच्याही आधीपासूनचे आहेत बरं का. १९९९ मध्ये इंग्लंडातल्या सोळाव्या शतकातल्या जगण्यावर एक ई-मेल जगभर फिरला. त्यात 'अप्पर क्रस्ट'ची गोष्ट होती : पावाचा करपलेला तळ नोकरांना, मधला भाग घरच्यांना आणि वरचा खरपूस पापुद्रा पाहुण्यांना, म्हणून उच्चभ्रूंना अप्पर क्रस्ट म्हणतात. ऐकायला झकास. पण बड्या लोकांसाठी हा शब्द वापरात आला तो एकोणिसाव्या शतकात, म्हणजे चांगली तीनशे वर्षं उशिरा. 'स्पिल द बीन्स'चंही तसंच. प्राचीन ग्रीक लोक घेवड्याच्या दाण्यांनी मतदान करत, ते भांडं सांडलं आणि गुपित फुटलं, असं सांगतात. प्रत्यक्षात हा वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि अस्सल अमेरिकन आहे.

खरा इतिहास या गोष्टींपेक्षा मजेदार आहे, आणि जरा बोचराही आहे. इंग्रजीतले खाण्यापिण्याचे जुने शब्द उकलत गेलं की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : पंगतीत कोण कुठे बसलं, कोणाला काय वाढलं, आणि वाढणारा कोण? हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. म्हणूनच म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

भाकरीचा राखणदार

सुरुवात 'लॉर्ड' या शब्दापासून करू. जुन्या इंग्रजीत पावाला 'ह्लाफ' म्हणत. आजचा 'लोफ' तो हाच. त्या पावाची राखण करणारा तो 'ह्लाफवेअर्द'. हा शब्द झिजत झिजत 'लॉर्ड' झाला. 'लेडी' हा शब्दही मुळात 'पावाची कणीक मळणारी' अशा अर्थाचा. आणि त्या घरात राबणाऱ्या, धन्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला शब्द होता 'पाव खाणारा'. म्हणजे समाजाची सगळी उतरंड एका पावाभोवती : एक राखणारा, एक मळणारी आणि बाकीचे खाणारे.

हे वाचून तुम्हाला आपली म्हण आठवली असेलच. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. हजार मैलांवरच्या दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच निष्कर्षाला आल्या. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा. तिला लॉर्ड कळेल आणि आपली पोळीही कळेल.

याच पावातून एक गोड शब्दही निघाला आहे. 'कंपॅनियन'. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव. सोबत पाव खाणारा तो सोबती. हाच 'पानिस' पोर्तुगीजांच्या तोंडी 'पाव' झाला, गोव्यात उतरला आणि तिथून आपल्या वड्याच्या बाजूला येऊन बसला. तेव्हा वडापावातला पाव आणि 'कंपॅनियन'मधला पाव हे सख्खे भाऊ आहेत. पुढच्या वेळी मुलगा मित्राला घरी वडापाव खायला आणेल तेव्हा हे सांगायला विसरू नका.

मीठ कोणाच्या बाजूला

मध्ययुगीन इंग्लंडात सरदाराच्या वाड्यात मोठ्या पंगतीच्या वेळी मिठाचं भलंमोठं, नक्षीदार पात्र टेबलावर ठेवलेलं असे. मानकरी त्याच्या वरच्या अंगाला, यजमानाजवळ. बाकीची मंडळी खालच्या अंगाला. यावरून 'बिलो द सॉल्ट' म्हणजे खालच्या दर्जाचा. एका भांड्याने माणसांची रेघ आखली.

'सॅलरी' या शब्दाची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकली असेल : रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळे. यातला अर्धा भाग खरा. लॅटिन 'सालारियुम'चं नातं 'साल' म्हणजे मिठाशी नक्की आहे. पण सैनिकाच्या पदरात महिन्याच्या महिन्याला मीठ ओतलं जाई, याला भक्कम पुरावा नाही.

'टेक इट विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट' याची गोष्ट मात्र थेट रोमन ग्रंथातून येते. इसवी सन ७७ च्या सुमारास थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात एक नुस्खा नोंदवला. पाँटसचा राजा मिथ्रिदातेस याला विषप्रयोगाची धास्ती होती. त्याचा पराभव केल्यावर रोमन सेनापती पाँपेला त्याच्या कागदपत्रांत विषावरचा उतारा सापडला : दोन सुके अक्रोड, दोन अंजीर, सतापाची वीस पानं आणि कणभर मीठ. विषावरच्या उताऱ्यातलं हे कणभर मीठ पुढे 'ऐकीव गोष्ट जरा जपून घ्या' या अर्थाला चिकटलं, असं मानलं जातं. अमेरिकेत 'ग्रेन' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'पिंच'. मुलाची शाळा कुठल्या देशात आहे ते पाहून शिकवा.

आता गंमत बघा. इंग्रजीत चांगल्या कामगाराला 'वर्थ हिज सॉल्ट' म्हणतात. मिठाच्या किमतीचा, म्हणजे पगार वसूल करून देणारा. आपण म्हणतो 'खाल्ल्या मिठाला जागणारा'. मीठ तेच, हिशोब वेगळा. तिकडचं मीठ विचारतं, तू काम किती केलंस? आपलं मीठ विचारतं, तू आठवण किती ठेवलीस? एकाचं भाषांतर दुसऱ्यात होत नाही. मुलाला दोन्ही माहीत असतील तर त्याच्याकडे माणूस जोखायची दोन मापं असतील. एकाच भाषेत वाढलेल्या मुलाकडे एकच.

हरणाचं काळीज आणि नमतं घेणं

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची कित्येक वर्षं राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच राहिली. त्याचा ठसा ताटात आजही आहे. गोठ्यातलं जनावर इंग्रजी : 'काऊ', 'शीप', 'पिग'. ताटातलं मांस फ्रेंच : 'बीफ', 'मटन', 'पोर्क'. ही विभागणी सुरुवातीपासून इतकी काटेकोर नव्हती, पण रोख स्पष्ट आहे. पाळणारा एक, खाणारा दुसरा.

अशाच एका फ्रेंच शब्दातून 'ईट हंबल पाय' आलं. हरणाचं काळीज, यकृत, आतडी या सगळ्याला 'नंबल्स' म्हणत. शिकारीनंतर चांगलं मांस बड्यांच्या ताटात जाई. काळीज-आतडी अर्थातच त्या मानाने हलकी समजली जात. पुढे 'नंबल्स'मधला 'न' गळून 'अंबल्स' झालं. 'अ' आणि 'अॅन' यांच्या घोळात इंग्रजीने असे बरेच 'न' गमावले आहेत. 'एप्रन' हा शब्दही आधी 'नेप्रन' होता. 'ऑरेंज'चंही तसंच. संस्कृत 'नारंग' फारसी-अरबीमार्गे युरोपात गेलं आणि वाटेतच त्याचा 'न' पडला. आपण आजही 'नारिंगी' म्हणतो. आपला 'न' शाबूत आहे!

तर या 'अंबल्स'चा पाय लोक आवडीने खात. लंडनच्या सॅम्युअल पेपीसने १६६३ च्या डायरीत एका ओळखीच्या बाईंनी आणलेल्या गरमागरम अंबल पायची तारीफ केली आहे. पण 'हंबल'मधला 'ह' अनेकांच्या बोलण्यात गळायचा, त्यामुळे 'हंबल' आणि 'अंबल' कानाला सारखेच लागत. खरं तर दोन शब्दांचं काही नातं नाही, 'हंबल' लॅटिनमधल्या 'जमीन' या अर्थाच्या शब्दाच्या कुळातला. तरी शब्दांचा खेळ झाला आणि एकोणिसाव्या शतकात 'हंबल पाय खाणं' म्हणजे चूक कबूल करून नमतं घेणं असा अर्थ रुळला. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला कपटी, नाटकी नम्रतेचा युराया हीप 'ह' गाळूनच बोलतो, ते याच काळातलं. अमेरिकेत याच प्रसंगी माणसं 'कावळा खातात'. आपण काही खात नाही, 'नाक मुठीत धरून' जातो.

जाता जाता शाकाहारी घरांसाठी एक. 'मीट' या शब्दाचा मूळ अर्थ मांस नव्हता, कुठलंही अन्न असा होता. म्हणून जुन्या इंग्रजी पुस्तकांत आपल्या पेढे-बर्फीला 'स्वीटमीट' म्हटलेलं दिसतं. मुलं दचकली तर समजावून सांगा, बर्फीत काही नाही.

केक कोणाचा

'यू कान्ट हॅव युवर केक अँड ईट इट टू' ऐकलं की पोरं हमखास अडतात. केक मिळालाय तर खायचा का नाही? इथे 'हॅव'चा अर्थ 'राखून ठेवणं' असा घ्यायचा. खाल्ला की शिल्लक राहत नाही, एवढंच. १५३८ मध्ये नॉर्फकच्या ड्यूकने थॉमस क्रॉमवेलला लिहिलेल्या पत्रात ही म्हण आहे आणि १५४६ च्या जॉन हेवुडच्या म्हणींच्या संग्रहातही आहे. तिथे क्रम उलटा, आधी 'ईट' आणि मग 'हॅव'. तसं म्हटलं की लगेच समजतं. दोन्ही हवं म्हणणाऱ्याचं शेवटी काय होतं, ते आपल्याकडे तेल-तूप-धुपाटण्याच्या म्हणीत सांगून ठेवलंय.

'लेट देम ईट केक' हे मारी आंत्वानेतच्या नावावर चिकटवलेलं वाक्य आहे. रूसोने आपल्या आत्मचरित्रात कुणा 'थोर राजकन्ये'चा हा प्रसंग लिहिला तेव्हा मारी अजून फ्रान्सला आलीही नव्हती, ऑस्ट्रियात लहानाची मोठी होत होती. शिवाय मूळ फ्रेंचमध्ये केक नाहीच, 'ब्रिऑश' आहे, लोणी-अंडी घातलेला श्रीमंती पाव. तरी वाक्य तिलाच का चिकटलं? उपाशी माणसाला ते तिच्या तोंडी शोभलं म्हणून.

आणि आता अमेरिकेतल्या पालकांसाठी जरा गंभीर. शाळेच्या जत्रेत 'केकवॉक' असतो. संगीत थांबलं की ज्या आकड्यावर उभे त्यावरून केक मिळतो. सोप्या कामालाही 'केकवॉक' म्हणतात. या शब्दाचं मूळ दक्षिणेतल्या मळ्यांवर, गुलामीत राबणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन माणसांच्या नाचात आहे. मालक लोकांची ऐट, त्यांची डौलदार चाल यांची नक्कल करत ही माणसं जोडीने चालत, आणि उत्तम जोडीला बक्षीस केक. बघणाऱ्या मालकांना कळतही नसे की टिंगल आपलीच चाललीय. पुढे १८९० च्या दशकात हाच नाच रंगमंचावर गाजला आणि गोऱ्यांच्या मेळ्यांत त्याच काळ्या माणसांची टवाळी करायलाही वापरला गेला. ज्यांच्यासाठी काहीच सोपं नव्हतं, त्यांच्या नाचावरून 'सोपं' या अर्थाचा शब्द रूढ झाला. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे झेपतं. सांगून बघा.

चहाच्या कपात मुंबई

चहा इंग्लंडात सतराव्या शतकाच्या मध्यावर पोचला. मघाच्या त्याच पेपीसने आयुष्यातला पहिला चहा २५ सप्टेंबर १६६० ला प्यायला. दोन वर्षांनी पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं लग्न दुसऱ्या चार्ल्सशी झालं. तिला चहाची आवड होती आणि तिच्यामुळे दरबारात चहा मिरवू लागला. तिच्या लग्नाच्या १६६१ च्या करारातच मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. १६६८ मध्ये राजाने ती कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. म्हणजे इंग्रजांचा चहाचा षौक आणि आपली मुंबई एकाच लग्नाच्या वरातीत सापडतात.

तेव्हा चहा इतका महाग की घरची मालकीण तो कुलपात ठेवी. त्यावरचा कर ११९ टक्क्यांवर गेला होता. १७८४ च्या कायद्याने तो साडेबारा टक्क्यांवर आला आणि मग चहा हळूहळू सामान्यांच्या घरात शिरला. त्याआधी, १६ डिसेंबर १७७३ ला, बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या चहा पाण्यात गेलाच होता. विसाव्या शतकापर्यंत चहा इंग्रजांच्या इतका अंगवळणी पडला, की आवडत्या माणसाला 'माय कप ऑफ टी' म्हणू लागले, आणि न आवडणाऱ्या गोष्टीला 'नॉट माय कप ऑफ टी'.

आपला 'चहा' आणि त्यांची 'टी' दोन्ही चिनीच. फुजियान किनाऱ्यावरचं 'ते' डच व्यापाऱ्यांनी उचललं, त्याची 'टी' झाली. कँटनकडचं 'चा' पोर्तुगीजांनी घेतलं. आपला चहा या 'चा'च्या कुळातला.

'स्टॉर्म इन अ टीकप'चा प्रवास तर बघाच. सिसेरोने 'कायद्यांविषयी' या ग्रंथात पळीत लाटा उठवणाऱ्याची थट्टा केली आहे. रोमन पळीचा ब्रिटनमध्ये कप झाला, अमेरिकेत 'टेंपेस्ट इन अ टीपॉट', आणि आपल्या वर्तमानपत्रांत 'चहाच्या पेल्यातलं वादळ'. आपणही इंग्रजीतून घेतलं, आणि घेताना कपाचा पेला केला. पण 'चहापेक्षा किटली गरम' हे मात्र खास आपलं. साहेबापेक्षा साहेबाचा शिपाई तापट, हे इंग्रजीत इतक्या नेमकेपणाने सांगून दाखवा बरं.

उलट दिशेनेही माल गेला आहे. 'बिग चीज', म्हणजे बडी असामी. यातलं 'चीज' दुधाचं नसून आपलं फारसी-हिंदुस्तानी 'चीज', म्हणजे 'वस्तू', असावं असं अनेक अभ्यासक मानतात. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात उत्तम वस्तूला 'चीज' म्हणायची अँग्लो-इंडियन लकब नोंदलेली आहे. आपण म्हणतो ना, 'कष्टाचं चीज झालं', तेच ते. बालवर्गात मुलाला विचारा, कष्टाचं चीज होतं म्हणजे पनीर होतं का?

आपल्या पंगतीचं काय

इथवर इंग्रजांची उतरंड मोजली. आपली मोजली नाही तर तो पंक्तिप्रपंच होईल. हा शब्दच बघा : पंगतीत वाढताना केलेला भेदभाव. अशा भेदभावाला स्वतंत्र शब्द लागावा, इतका तो नेहमीचा होता. 'रोटी-बेटी व्यवहार' म्हणजे कोण कोणाच्या हातचं खातो आणि कोण कोणाकडे मुलगी देतो. 'कंपॅनियन' म्हणजे सोबत पाव खाणारा, हे मघाशी कौतुकाने वाचलं. आपल्याकडे सोबत खाता येऊ नये याची व्यवस्था होती.

ती मोडायचा प्रयत्न खाण्यापिण्यातूनच झाला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं, तर राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजत. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायलं आणि हजारो लोक त्यांच्या मागून प्यायले. एक कप चहा आणि एक ओंजळ पाणी. मुलाला केकवॉक सांगाल त्याच दिवशी हेही सांगा. दुसऱ्यांच्या पंगतीतला अन्याय दाखवायचा आणि आपल्या पंगतीवर पडदा टाकायचा, हे मुलं बरोबर ओळखतात.

तुम्ही म्हणाल, मुलांचं मराठी टिकवायचं तर इंग्रजी वाक्प्रचारांवर एवढा वेळ कशाला? माझं मत असं : इंग्रजी शब्द मुलाने आधीच घरात आणलेला आहे, तो काही परत जाणार नाही. त्याच्या शेजारी आपला शब्द मांडला तर तो बसतो. नुसती म्हणींची यादी पाठ करून घेतली तर रविवारच्या मराठी वर्गापुरती राहते, सोमवारी विसरते.

करायला सोपं आहे. आठवड्याला एक. मुलाने 'पीस ऑफ केक' आणलं की तुम्ही 'डाव्या हाताचा खेळ' वाढा. 'सावर ग्रेप्स' आलं की 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' सांगा, आणि हा कोल्हा दोघांकडेही इसापाकडून आलाय हेही सांगा. एखाद्याला जोडीचा शब्द सापडलाच नाही तर उत्तम. व्हिडिओ कॉलवर आजीला विचारा. आजीला पाच आठवतील, त्यातले दोन तुम्हीही ऐकलेले नसतील.

कमेंटमध्ये लिहा : तुमच्या मुलाने अलीकडे आणलेला खाण्यापिण्याचा इंग्रजी वाक्प्रचार कुठला, आणि तुम्ही त्याच्या शेजारी काय वाढलंत? दुबई-मस्कतकडच्या मंडळींनी तिथल्या अरबी म्हणी सांगाव्यात, मॉरिशस आणि इस्रायलच्या मराठी घरांनी त्यांच्या आजी-आजोबांच्या. कोकणी, वऱ्हाडी, अहिराणी, सगळं चालेल. इथे मिठाच्या वर-खाली कोणी नाही, जागा मिळेल तिथे बसा.